आतल्या बाजूचा खिळा

माझ्या मुलाने मला नॉर्वेला नेलं ते डोंगर चढायला, आणि मी डोंगर चढले नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या पॅरिशच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर कॉफी घेताना अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, "मग, वरपर्यंत गेलात का?" मी नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव येते. गुडघे का, असं हळूच विचारतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. इथे कॅनडात विमानतळाजवळच्या गोदामात एकोणीस वर्षं काँक्रीटवर उभं राहून मी खोकी भरली आहेत, गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही. मला चढायचं नव्हतं म्हणून मी चढले नाही.

ते २०१७ साल. जूनमध्ये मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी लंचरूममध्ये केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी नेहमीच्या बसने मिसिसागातल्या माझ्या काँडोत परत आले. नवऱ्याला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगा गाडीने चार-पाच तासांवर कनाटाला, टेलिकॉम कंपनीत. आई आता एकटी टीव्हीसमोर बसून राहील या विचारानेच त्याला धडकी भरली होती. खरं तर मला टीव्हीसमोर बसायला अतिशय आवडलं असतं. पण त्याने फोनवर जाहीर करून टाकलं.

"मम्मी, तुला एक रिअल व्हेकेशन पाहिजे. मी सगळं बुक केलंय. आपण नॉर्वेला जातोय, हायकिंगला."

"मला हायकिंग पाहिजे असं तुला कोणी सांगितलं?"

"यू विल लव्ह इट. आणि ऐक ना, त्या टाउनची शिपबिल्डिंगची मोठी हिस्टरी आहे. शंभर वर्षांपूर्वी घराघरात बोटी बांधायचे. ग्रँडपासारखे!"

ग्रँडपा म्हणजे माझे बाबा. मुलाने त्यांना आयुष्यात दोनदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. पण कनाटाच्या त्याच्या ऑफिसात टेबलावर त्यांचा फोटो आहे, हातात लाकूड तासायचा वाकस, मागे अर्धी होडी. नवीन कोणी भेटलं की हा त्यांना सांगतो, माय ग्रँडफादर बिल्ट बोट्स विदाउट अ सिंगल ड्रॉइंग. हे खरं आहे. ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे होतात, याची मान ताठ होते, आणि मी कधी तिथे असले तर गप्प बसते.

बाबांबद्दल नीट सांगायला हवं. वसईच्या किनाऱ्यावर आमचं घर होतं, घरापुढे वाळू आणि वाळूवर बाराही महिने कुठली तरी अर्धवट होडी टेकू लावून उभी. बाबांकडे एक दोरी असायची, एक खडूचा तुकडा आणि त्यांचा डोळा. फळी उचलून ते एक डोळा मिटून तिच्या लांबीवर नजर टाकत आणि म्हणत, ही उजवीकडे जाईल. ती उजवीकडेच जायची. उत्तनहून, अर्नाळ्याहून माणसं येऊन वर्ष वर्ष थांबायची, पण दुसऱ्या मेस्त्रीकडे जायची नाहीत. बाबांच्या हाताला तोड नव्हती. हे मी कोणालाही सांगेन.

पण आमच्याकडे एक नियम होता. होडी पाण्यात उतरून फादरचा आशीर्वाद होईपर्यंत तिच्या आत बाईने पाय ठेवायचा नाही. पोरीनेही नाही. बाहेरून हात लावलेला चालायचा. बाहेरून कामही चालायचं, आणि ते भरपूर करून घेत. फळी होडीच्या बरगडीला, म्हणजे आतल्या बाकदार लाकडाला, धरायला बाहेरून खिळा मारतात. त्याचं टोक आत निघतं. आत बसलेला माणूस ते टोक हातोडीने वळवून परत लाकडात रुतवतो, आणि तो ठोकत असताना बाहेरच्या माणसाने खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा असतो. नाहीतर खिळा मागे सरकतो. बाहेरचं काम कोणालाही जमतं. आतलं काम ज्याला जमतं त्याला मेस्त्री म्हणतात.

मी नवव्या वर्षापासून ठोकळा धरत होते. आत माझा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, टोकं वळवायला शिकत होता. ठोकळ्यातून हाताला कळतं. आतला घाव बरोबर बसला तर मनगटापर्यंत एकच दणका येतो, चुकला तर बोटांना झिणझिण्या येतात. भाऊ आत चुकत होता आणि मला बाहेर सगळं कळत होतं. दोन वर्षं मी ते मनगटाने ऐकलं.

अकरा वर्षांची असताना एक दिवस बाबा वखारीत लाकूड बघायला गेले होते. भावाने लागोपाठ तीन खिळे वाकडे केले आणि रडकुंडीला आला. मी म्हटलं, सरक. तो बाहेर येऊन ठोकळा धरून उभा राहिला, मी बरगड्यांमध्ये चढले आणि एक खिळा वळवला. एकच. भावाने बाहेरून विचारलं, झाला? मी म्हटलं, झाला. तेवढ्यात बाबा आले. त्यांच्याबरोबर होडीचा मालक होता.

बाबा ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "उतर." मी उतरले. त्यांनी आत जाऊन माझ्या खिळ्याचं टोक सरळ केलं, मागे ठोकलं, बाहेर येऊन पकडीने तो उपटला आणि वाळूत टाकला. मग घरातून पवित्र पाण्याची बाटली आणून होडीत शिंपडलं. मालक मान डोलावत होता. भावाचे तिन्ही वाकडे खिळे तसेच होते, ते दुसऱ्या दिवशी सावकाश बदलले. त्या दिवसाबद्दल बाबा पुन्हा कधी बोलले नाहीत. भाऊ मेस्त्री झाला. माझं बाविसाव्या वर्षी लग्न झालं. पुढे आम्ही कॅनडात आलो आणि मुलाला आजोबांच्या गोष्टी सांगायची वेळ आली तेव्हा मी दोरी, खडू आणि डोळा एवढंच सांगितलं. ती चूक माझीच.

तर नॉर्वे. पश्चिम किनाऱ्यावरची एक छोटी नगरपालिका. आधी विमान, मग दुसरं विमान, मग भाड्याची गाडी, मग गाडीसकट फेरी. समुद्र डोंगरांच्या आत शिरलेला, पाणी काळंभोर आणि इतकं शांत की मला खरं वाटेना. दोन्ही बाजूंना डोंगर सरळ वर गेलेले, मध्ये हिरवी पट्टी, पट्टीवर लाल आणि पांढरी घरं. पलीकडच्या काठावर मोठा शिपयार्ड, क्रेन उभ्या. पाण्यात तीन-चार भली मोठी जहाजं नांगर टाकून पडलेली, तेलाच्या धंद्याला मंदी आल्यामुळे त्यांना काम नव्हतं. दुकानातल्या बाईने सांगितलं की दोन वर्षं झाली, ती हलली नाहीत. लोकांनी त्यांच्याकडे बघणंही सोडून दिलं होतं.

मुलगा मात्र फक्त वर बघत होता. त्याने माझ्यासाठी हायकिंगचे बूट आणले होते, काठ्या आणल्या होत्या, पाण्याची पिशवी आणली होती जिला नळी असते आणि चालता चालता चोखायची असते. मी नळी चोखायला साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दगडी पायऱ्या, चिखल, मुळं, परत पायऱ्या. दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी तरुण माणूस हसतमुखाने आम्हाला मागे टाकून जात होता. अर्ध्या तासाने एक सपाट दगड आला. मी त्यावर बसले.

"मम्मी, यू ओके?"

"मी ओके आहे. मी इथून पुढे येणार नाही."

"अगं, अजून फक्त दोन तास. या व्ह्यूसाठी लोक जगभरातून येतात."

"मग त्यांना जाऊ दे ना. मी कुठे अडवलंय."

तो वैतागून माझ्यासमोर उभा राहिला. चढ चढायचा तर त्यात मला काहीतरी मिळायला हवं, असं मी त्याला समजावत होते, तेवढ्यात खालून आवाज आला. काठावर एक लांब लाकडी शेड होती, पाण्याच्या बाजूची दारं सताड उघडी. आवाज तिथून येत होता. एक जाड घाव, मग तीन-चार बारीक, मग थोडं थांबून परत एक जाड. आत एक माणूस आणि बाहेर एक माणूस असल्याशिवाय असा आवाज येत नाही. मी कित्येक वर्षांत तो ऐकला नव्हता, आणि तरी माझं मनगट आपोआप ताठ झालं.

मी उठले आणि खाली चालू लागले. मुलगा वरून हाका मारत राहिला. मी त्याला काठी हलवून सांगितलं, तू जा.

शेडमध्ये डांबराचा वास कोंदला होता. मधोमध वल्हवायची एक लांब होडी आकार घेत असलेली. पहिल्या नजरेला मला वाटलं, यांनी सगळं चुकीचं केलंय. आमच्याकडे फळीच्या कडेला कड भिडवतात आणि फटीत कापूस आणि राळ भरतात. इथे कौलांसारखी फळीवर फळी चढवली होती. मग जवळ गेले आणि दोन फळ्यांच्या मध्ये डांबरात बुडवलेला लोकरीचा धागा दिसला. अच्छा, म्हणजे कापसाच्या जागी लोकर. एवढं कळल्यावर माझी त्या होडीशी ओळख झाली.

कारागीर पन्नाशीचा, दाढीवाला, कमी बोलणारा. आम्ही इंग्रजीत बोललो. त्याने सांगितलं की गावातली जुनी मंडळी हौसेने ही होडी बांधतायत, उन्हाळ्यात बाहेरच्या पाहुण्यांनाही काम करू देतात, फक्त दिवसभर टिकायची तयारी हवी. मी म्हटलं, मी होडी बांधणाऱ्याची मुलगी आहे. त्याने माझ्या हातांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला, बरं झालं, मला जोडीला माणूस हवंच होतं. जोडी म्हणजे एक जर्मन म्हातारा, निवृत्त दातांचा डॉक्टर, गेल्या दोन दिवसांपासून इथे येणारा.

"आत कोण, बाहेर कोण?" कारागिराने विचारलं.

त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी वळसा घालून होडीच्या बाहेरच्या अंगाला जाऊन उभी होते आणि माझ्या हातात लोखंड होतं.

हे मी कसं केलं ते मला आजही सांगता येत नाही. कोणी मला तिथे पाठवलं नव्हतं. समुद्र ओलांडून इतक्या लांब आले, तिथे ना बाबा, ना मालक, ना फादर, आणि माझे पाय आपले मुकाट्याने बाहेरच्या बाजूला गेले. डॉक्टर आत चढला. तांब्याचा खिळा बाहेरून आत घालायचा, मी डोक्यावर लोखंड दाबायचं, तो आतून टोकावर तांब्याची चकती बसवून वरचं टोक कापायचा आणि उरलेलं ठोकून पसरवायचा. दिवसभर. मला सगळं कळत होतं. हा बसला, हा नाही बसला, हा तिरका गेला. दातांच्या डॉक्टरचा हात नाजूक असेल असं वाटलं होतं, पण तो ठोकत होता दाराला कडी ठोकावी तसा.

संध्याकाळी कारागीर म्हणाला, "इतकं स्थिर लोखंड धरणारं माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही."

डॉक्टरने टाळ्या वाजवल्या. मी थँक यू म्हटलं. आणि आमच्या भाड्याच्या केबिनपर्यंतच्या वाटेवर मला इतका राग आला की कानांतून वाफ निघायची बाकी होती. बाबांचा राग नाही, कारागिराचा नाही. माझा स्वतःचा. एक शाबासकी मिळाली आणि मी तीच घेऊन घरी निघाले होते.

मुलगा शिखर सर करून आला होता, नाक लाल, आनंदात. मी बरोबर आणलेला बाटलीतला मसाला घालून कॉड माशाचं कालवण केलं आणि आम्ही बाहेर ओट्यावर बसून जेवलो. त्याने मला फोनवर ढग दाखवले.

"उद्या वेदर परफेक्ट आहे. वन मोअर ट्राय?"

"उद्या मी होडीत जाणार आहे."

"ओह, बोट राइड! कूल."

"राइड नाही. होडीच्या आत."

त्याला काही कळलं नाही. मी सांगितलंही नाही. त्याने दुसऱ्यांदा भात वाढून घेतला आणि उद्याच्या वाटेचा नकाशा उघडला.

सकाळी मी शेडमध्ये पोचले तेव्हा डॉक्टर आत चढायच्या बेतात होता. मी म्हटलं, आज मी आत.

"पण तुम्ही बाहेर इतक्या उत्तम आहात," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच."

तो कारागिराकडे बघू लागला. मीही बघू लागले. माझ्या मनात पुढचं सगळं भाषण तयार होतं, पहाटेपासून तेच घोकत होते. मी इथे पाहुणी असले तरी, माझं वय असलं तरी, वगैरे वगैरे. कारागिराने खांदे उडवले.

"बदला," तो म्हणाला, आणि रंधा शोधायला गेला.

बस. एवढंच. पन्नास वर्षं जी गोष्ट मी कोणाला मागू शकले नव्हते ती त्या माणसाने खांदे उडवून दिली. मला त्याचाही राग आला. इतकं सोपं असेल तर माझ्या बाबांना काय झालं होतं?

मी होडीच्या कडेवरून पाय आत टाकला. चपला काढायला वाकले तर कारागीर लांबूनच ओरडला, पायात घाल, खाली तांब्याचे तुकडे आहेत. होडीच्या आत बसल्यावर जग वेगळं दिसतं. बाहेरून ती एक वस्तू असते. आत बसलं की फळ्या दोन्ही बाजूंनी वर येतात आणि आपण तिच्या पोटात असतो. प्रत्येक बरगडी वेगळी दिसते, कुठे सुरी फिरली, कुठे हात चुकला, सगळं. अकराव्या वर्षी मला हे बघायला वेळच मिळाला नव्हता. मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. डॉक्टर बाहेरून विचारत होता, रेडी? मी म्हटलं, थांब जरा.

पहिला खिळा मी वाकवला.

कारागीर आला, त्याने चकतीवर अंगठा फिरवला, छोट्या हातोडीने टकटक केलं आणि खडूने त्यावर फुली मारली. मग पकड घेतली, चकती कापली आणि डॉक्टरला बाजूला करून माझा खिळा बाहेर ओढून काढला.

मी होडीत उभी राहिले आणि माझा आवाज चढला. "का काढला?"

त्याने माझ्याकडे चमकून बघितलं. त्याला माझ्या आवाजाचं कारण कळणं शक्य नव्हतं. त्याने खिळा माझ्या हातात ठेवला. मधोमध बाक होता, नखाएवढा, पण होता.

"वाकलाय," तो म्हणाला. "इथून पाणी येईल."

मग त्याने बाकड्याखालचा पत्र्याचा डबा पायाने पुढे ढकलला. डबा वाकड्या खिळ्यांनी अर्धा भरला होता. "हे याचे," त्याने डॉक्टरकडे बोट दाखवलं. डॉक्टर ओशाळून हसला. "आणि हे सकाळचे दोन माझे."

मी खाली बसले. तो माझा वाकडा खिळा हातात घेऊन मी बराच वेळ बघत राहिले. या माणसाने माझा खिळा काढला तो खिळा वाईट होता म्हणून. माझ्यात त्याला काही खोट दिसली नव्हती. खिळा वाईट असेल तर उपटायलाच हवा, माझा असो की पोपचा असो. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं. बाहेरून डॉक्टरने विचारलं, आर यू ऑलराइट? मी मराठीतून म्हटलं, तू लोखंड धर रे बाबा, घट्ट धर.

दुसराही वाकडा गेला. तिसऱ्याला मी घाई सोडली. हातोडी हलकी करून नुसत्या मनगटाने ठोकू लागले, बारीक, गोल गोल, चकतीच्या कडेकडेने. बाहेर उभं राहून मनगटाला जो दणका यायचा त्याची आतली बाजू मला आता सापडत होती. कारागीर आला, त्याने अंगठा फिरवला, टकटक केलं आणि काही न बोलता पुढे गेला. फुली नाही. त्याचं ते न बोलणं मला आदल्या दिवशीच्या शाबासकीपेक्षा दहा पटीने गोड लागलं.

दोन दिवसांत मी एकवीस खिळे बसवले. सहांवर फुली पडली. पंधरा त्या होडीत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा दुसऱ्या कुठल्या तरी डोंगरावरून उतरून थेट शेडमध्ये आला आणि दारातच थबकला. मी आत बसले होते, केसांत भुसा, कोपरापर्यंत डांबर. त्याने भराभर फोटो काढले. तो म्हणाला, "मम्मी, यू लुक सो हॅपी." मी म्हटलं, बाजूला हो, उजेड अडतोय.

निघताना कारागिराने हात मिळवला आणि परत या म्हणाला. तो सगळ्यांनाच तसं म्हणत असणार. मी येईन म्हटलं.

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला मुलगा कनाटाहून आला. मी आमच्या पॅरिशमधल्या एका जोडप्यालाही जेवायला बोलावलं होतं. मूळचे उत्तनचे, नवरा माझ्याच वयाचा, त्याचे काका बाबांकडून होडी बांधून घ्यायचे. टर्की मला जमत नाही, मी वडे आणि कोंबडीचा रस्सा केला होता. जेवणाआधी मुलाने फोन टीव्हीला जोडला आणि सगळे फोटो दाखवले. खाडी, ढग, त्याची शिखरं. मग मी. होडीच्या आत, हातोडी उगारलेली.

"अरे वा!" पाहुणे म्हणाले. "वहिनी, तुम्ही तर मेस्त्रीच झालात."

मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्याने माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि भरल्या आवाजात म्हणाला, "ग्रँडपा वुड बी सो प्राउड."

"खरंच सांगतो," पाहुणे म्हणाले, "तुमचे बाबा वरून बघत असतील आणि आशीर्वाद देत असतील."

दोघांच्याही मनात प्रेमच होतं. मला तिथे मान हलवून रस्सा वाढायला घेता आला असता. इतकी वर्षं मी तेच केलं होतं. पण त्या फोटोतली बाई माझ्याकडे बघत होती आणि तिने ते पंधरा खिळे कोणाच्या आशीर्वादाने मारले नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "बाबांना अभिमान वाटला नसता. त्यांनी मला खाली उतरवलं असतं."

मुलगा हसला, त्याला गंमत वाटली. मग मी सगळं सांगितलं. भाऊ, तीन वाकडे खिळे, माझा एक, उतर, पकड, पवित्र पाणी. पाहुण्यांची बायको मान खाली घालून बसली होती. तिला सांगायची गरज नव्हती, तिलाही तो नियम ठाऊक होता. मुलाचे हात माझ्या खांद्यांवरून केव्हा निघाले ते मला कळलं नाही. तो समोर येऊन बसला.

"तू मला हे कधीच सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं. तुझे ग्रँडपा तुला फार आवडायचे."

पाहुणे खाकरले. "जाऊ द्या वहिनी. तेव्हा सगळ्यांच्याच घरी तसं होतं. काळच तसा होता."

"येस, मम्मी," मुलगा हळूच म्हणाला. "इट वॉज अ डिफरंट टाइम."

त्याला ते खरं व्हायला हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझा जीव तुटला त्याच्यासाठी. तरी मी त्याला ते दिलं नाही.

"काळाने नाही काढला खिळा," मी म्हटलं. "काळाच्या हातात पकड नव्हती. तुझ्या आजोबांच्या हातात होती. आणि काढायच्या आधी त्यांनी त्यावर अंगठा फिरवला. भावाच्या खिळ्यांवर फिरवायचे तसाच, सावकाश, दोनदा. त्या किनाऱ्यावर त्यांच्याइतका खिळा कोणाला कळत नव्हता. चांगला बसलाय हे त्यांना कळलं. कळलं, आणि मग त्यांनी तो काढला."